सर्व्हर तिकडे, पडदा इकडे : लिनक्स सर्व्हरवरचा डेस्कटॉप दुरून कसा चालवायचा?



एसएसएच वापरून सर्व्हरवर लॉगिन कसं करायचं, फाइल कशी उघडायची, प्रोग्राम कसा चालवायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालू. काळी खिडकी, पांढरी अक्षरं आणि कीबोर्ड. बहुतेक कामं त्यात होतात. पण कधीतरी असा प्रोग्राम लागतो की ज्याला खिडक्या हव्यात, बटणं हवीत, आलेख पडद्यावर दिसायला हवा. सर्व्हर तर कॉलेजच्या खोलीत, त्याला मॉनिटर नाही, माऊस नाही. तुम्ही घरी, हातात जुना लॅपटॉप. मग काय करायचं?

समजा, एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी सर्व्हरवर असाच एक प्रोग्राम घरून चालू केला. गणित सहा तासांचं. पाचव्या तासाला घरची लाइट गेली, राउटर बंद पडला. परत लॉगिन करून पाहते तर प्रोग्राम गायब! सर्व्हर चालू होता, कॉलेजात लाइट होती, प्रोग्रामही सर्व्हरवरच चालत होता. मग गेला कसा?

या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता आलं, तर आजचा धडा समजला असं म्हणायला हरकत नाही. शेवटी पुन्हा तिच्याकडे येऊ.

तीन प्रश्न

दुरून डेस्कटॉप चालवायच्या पद्धती अनेक आहेत. नावं पाठ करू नका. प्रत्येक पद्धतीला हे तीन प्रश्न विचारा :

१. प्रोग्राम कुठे चालतो?
२. पडद्यावरचं चित्र कुठे तयार होतं?
३. मधल्या वायरीतून नेमकं काय जातं?

पहिल्याचं उत्तर आज सगळीकडे एकच आहे : सर्व्हरवर. खरा फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे.

एक उदाहरण घेऊ. तुमची आत्या गावी आहे आणि तिला सुंदर रांगोळी येते. ती फोनवर सांगते, "पाच ठिपके काढ, तिसरा पाचव्याला जोड, आता लाल रंग भर." रांगोळी तुमच्या अंगणात उमटते. फोनमधून जातात त्या फक्त सूचना. ही झाली पहिली पद्धत. दुसऱ्या पद्धतीत आत्या स्वतःच्याच अंगणात रांगोळी काढते आणि तुम्हाला मोबाइलवर फोटो पाठवत राहते. तुम्ही म्हणता, "तो कोपरा निळा कर," ती करते आणि त्या कोपऱ्याचा नवा फोटो येतो. फोनमधून जातात ती चित्रं.

आता फोन कट झाला तर? पहिल्या पद्धतीत आत्याकडे अंगणच नाही. तिची सगळी रांगोळी तुमच्या दारात होती. दुसऱ्या पद्धतीत रांगोळी तिच्या अंगणात जशीच्या तशी आहे. फोन पुन्हा लागला की पुढे सुरू.

एवढं डोक्यात ठेवा. आता खरी नावं पाहू.

पद्धत पहिली : एक्स

लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचं काम अनेक वर्षं 'एक्स विंडो सिस्टिम' करत आली आहे. तिची सुरुवात १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाली. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही त्यामागची प्रमुख नावं. तिथे 'प्रोजेक्ट अथेना' चालू होता. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच जाळ्यात आणून विद्यार्थ्यांना वापरायला द्यायची, असा तो प्रकल्प. त्यामुळे प्रोग्राम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर, ही सोय एक्समध्ये पहिल्यापासूनच आहे. आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ सालची.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. एक्सच्या भाषेत 'सर्व्हर' म्हणजे पडदा, कीबोर्ड, माऊस सांभाळणारा प्रोग्राम. तो तुमच्या लॅपटॉपवर असतो. आणि कॉलेजच्या मोठ्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम हा 'क्लायंट'. उलटं वाटतं ना? पण विचार करा. सेवा कसली चालली आहे? पडद्याची. पडदा कोणाकडे आहे? तुमच्याकडे. म्हणजे पडद्याची सेवा देणारे तुम्हीच!

कृती

१. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एक्स बहुधा असतंच. विंडोज असेल तर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्म टाका. मॅक असेल तर एक्सक्वार्ट्झ.

२. सर्व्हरवर 'एक्सऑथ' हे छोटं पॅकेज हवं आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये एक्स पुढे पाठवण्याची परवानगी चालू हवी. ती नसेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांना सांगा.

३. आता कमांड. वर्गात तोंडी सांगतो तशीच सांगतो : एसएसएच लिहा, एक जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल एक्स, पुन्हा जागा, मग तुमचं युजरनेम, ॲटचं चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता. एक्स कॅपिटलच हवा. स्मॉल एक्स लिहिला तर अर्थ नेमका उलटा होतो आणि ही सोय बंद होते.

४. लॉगिन झाल्यावर एक्सक्लॉक लिहून एंटर करा. घड्याळाची छोटी खिडकी तुमच्या पडद्यावर आली की जमलं. घड्याळ सर्व्हरवर चालतंय, काटे तुमच्याकडे फिरताहेत.

कॅपिटल एक्सऐवजी कॅपिटल वाय लिहायला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने काही अडलेले प्रोग्राम चालतात हे खरं. पण वायचा अर्थ 'या सर्व्हरवर माझा पूर्ण विश्वास आहे' असा होतो. एक्सची रचना जुनी आहे. तिच्यात एक प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेली बटणं वाचू शकतो. म्हणजे परक्या सर्व्हरला वाय दिलंत, तर तिथला खोडसाळ प्रोग्राम तुम्ही घरच्या पडद्यावर टाइप केलेला पासवर्डही टिपू शकतो. वाय वापरा, पण सर्व्हर आपला असेल तरच.

एवढं हळू का चालतं?

कॉलेजच्या लॅबमध्ये ही पद्धत झकास चालते. घरी तीच रडतखडत चालते. पुष्कळजण म्हणतात, नेटचा स्पीड कमी आहे. बऱ्याचदा कारण वेगळं असतं.

एक्समध्ये प्रोग्राम आणि पडदा यांची सतत प्रश्नोत्तरं चालतात. "अमुक रंग आहे का? खिडकी केवढी आहे?" उत्तर आल्याशिवाय पुष्कळदा पुढचं पाऊल पडत नाही. समजा, एखादी खिडकी उघडायला अशा २०० फेऱ्या लागतात. लॅबमध्ये एका फेरीला १ मिलिसेकंद लागला, तर एकूण ०.२ सेकंद. तुम्हाला कळणारही नाही. घरून एका फेरीला ५० मिलिसेकंद लागले, तर २०० गुणिले ५० म्हणजे १०,००० मिलिसेकंद. पूर्ण १० सेकंद!

इथे रस्ता किती रुंद आहे याने फरक पडत नाही. जाऊन यायला वेळ किती लागतो, हे महत्त्वाचं. महागडा प्लॅन घेण्याआधी पिंग कमांड देऊन हा आकडा बघा.

पद्धत दुसरी : व्हीएनसी

आता आत्याच्या फोटोंची पद्धत. इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे हे काम झालं. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, अँडी हॉपर आदींनी १९९८ साली त्यावर लेख लिहिला आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. व्हीएनसी म्हणजे 'व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग'.

यात पडदा सर्व्हरवरच असतो, पण खरा नव्हे. सर्व्हरच्या मेमरीत एक काल्पनिक पडदा तयार होतो. मॉनिटर नको, ग्राफिक्स कार्डही नको. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा धरला आणि एका ठिपक्याला ४ बाइट दिले, तर साधारण ८३ लाख बाइट, म्हणजे ८ एमबीच्या थोडी वर जागा लागते. आजच्या सर्व्हरला ते काहीच नाही.

मग हे चित्र तुमच्याकडे पाठवायचं. इथे थोडं गणित करू. ठिपके २०,७३,६००. पाठवताना एका ठिपक्याला ३ बाइट धरले तरी एक चित्र ६२ लाख बाइटचं. सेकंदाला २५ चित्रं पाठवायची म्हटली तर साधारण १५५ एमबी, दर सेकंदाला! मोबाइल हॉटस्पॉटवर हे शक्यच नाही. म्हणून व्हीएनसी दोन युक्त्या करतं. एक, पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. दोन, तोही दाबून लहान करून पाठवायचा. तुम्ही एखादं अक्षर टाइप केलंत तर बदलतो तो जेमतेम नखाएवढा चौकोन. म्हणून लिखाण, आलेख, तक्ते यांना व्हीएनसी चांगलं. व्हिडिओ लावलात तर सगळा पडदा सारखा बदलत राहतो आणि मग दमछाक होते.

कृती (उबंटू किंवा डेबियन धरून)

१. सर्व्हरवर एक हलका डेस्कटॉप टाका. एक्सएफसीई चांगला. वीसजण एकाच सर्व्हरवर बसणार असतील तर भारी सजावटीचा डेस्कटॉप म्हणजे मेमरीची उधळपट्टी.

२. टायगरव्हीएनसीचं सर्व्हर पॅकेज टाका.

३. व्हीएनसीपासडब्ल्यूडी ही कमांड देऊन पासवर्ड ठरवा.

४. काल्पनिक पडदा सुरू करा : व्हीएनसीसर्व्हर, जागा, वजाचं चिन्ह आणि लोकलहोस्ट, जागा, येस, जागा, मग कोलन आणि १. कोलन १ म्हणजे पडदा क्रमांक १. दुसऱ्या विद्यार्थ्याला कोलन २.

पडद्याच्या क्रमांकावरून पोर्ट ठरतो : ५९०० अधिक पडदा क्रमांक. पहिल्या पडद्याचा ५९०१, दुसऱ्याचा ५९०२. परीक्षेत विचारत नाहीत, पण कामात रोज लागतं.

वर लोकलहोस्ट का लिहिलं? तो आजच्या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

दार उघडं टाकू नका

व्हीएनसीचा जुना, साधा पासवर्ड फक्त पहिली ८ अक्षरं बघतो. तुम्ही २० अक्षरी पासवर्ड ठेवलात तरी शेवटची १२ अक्षरं वाया. शिवाय त्या जुन्या पद्धतीत पडद्याची चित्रं आणि दाबलेली बटणं यांवर कोणतंही कुलूप नसतं. मधे बसलेला माणूस ती वाचू शकतो. आणि इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. "आमच्या छोट्या कॉलेजकडे कोण बघतंय?" हा विचार सोडून द्या. ते कॉलेजचं नाव बघत नाहीत, उघडं दार बघतात. आणि त्या सर्व्हरवर तुमचा प्रकल्पच नव्हे, तर कदाचित सगळ्या वर्गाच्या गुणांच्या याद्याही असतात.

उपाय सोपा आहे. व्हीएनसीला सांगायचं : फक्त सर्व्हरच्या आतूनच आलेल्यांशी बोल. लोकलहोस्टचा अर्थ तोच. मग बाहेरून आपण आत कसे जाणार? एसएसएचच्या बोगद्यातून.

एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी तयार केलं, तेही त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. त्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट कुलूपबंद असते. बोगदा असा काढायचा, तुमच्या लॅपटॉपवरून : एसएसएच, जागा, वजाचं चिन्ह आणि कॅपिटल एल, जागा, ५९०१ कोलन लोकलहोस्ट कोलन ५९०१, जागा, मग युजरनेम, ॲट, सर्व्हरचा पत्ता.

अर्थ समजून घ्या. पहिला ५९०१ तुमच्या लॅपटॉपवरचा. तिथे जे काही येईल ते बोगद्यातून सर्व्हरवर न्यायचं. तिथे पोचल्यावर 'लोकलहोस्ट' म्हणजे सर्व्हर स्वतः, आणि त्याच्या ५९०१ वर द्यायचं. आता ही खिडकी उघडी ठेवून व्हीएनसी व्ह्यूअर सुरू करा आणि पत्ता लिहा लोकलहोस्ट कोलन ५९०१. पासवर्ड दिला की सर्व्हरचा डेस्कटॉप समोर.

झालं म्हणून उठू नका. तपासा. सर्व्हरवर एसएस कमांड द्या, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि टी, एल, एन ही स्मॉल अक्षरं. कोणते पोर्ट ऐकत आहेत त्याची यादी येते. ५९०१ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर दार आतून बंद आहे. ०.०.०.० दिसलं तर दार सताड उघडं आहे. लगेच बंद करा. फायरवॉलमध्ये बाहेरच्यांसाठी एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट पुरतो. ५९०१ उघडायची गरजच नाही.

आणखी दोन नावं

एक्सआरडीपी : विंडोजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' नावाचा प्रोग्राम आधीपासूनच असतो. लिनक्स सर्व्हरवर एक्सआरडीपी टाकलं तर त्याच प्रोग्रामने आत जाता येतं. लॅपटॉपवर वेगळं काही टाकावं लागत नाही. पोर्ट ३३८९. यालाही बोगद्याचाच नियम लावा.

वेलँड : एक्स आता म्हातारं झालंय. २००८ साली सुरू झालेलं वेलँड पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी आलं आहे. वेलँडमध्ये दुसऱ्या यंत्रावर खिडकी पाठवायची सोय मुळात नाही. त्यासाठी वेपाइपसारखा वेगळा प्रोग्राम लागतो. गनोम डेस्कटॉपच्या ४६ व्या आवृत्तीपासून (२०२४) मॉनिटर नसलेल्या यंत्रावरही दुरून लॉगिन करता येतं, आणि ते आरडीपीने. नावं बदलतील, तीन प्रश्न तेच राहतील.

मग कधी काय वापरायचं?

• लॅबमध्ये बसून पाच मिनिटं एकच खिडकी बघायची आहे : एसएसएच आणि कॅपिटल एक्स.

• घरून तासन्‌तास काम करायचं आहे, लाइटचा भरवसा नाही : बोगद्यातून व्हीएनसी.

• लॅपटॉपवर विंडोज आहे आणि काही नवीन टाकायची परवानगी नाही : एक्सआरडीपी.

• नुसतं गणितच चालवायचं आहे, खिडकी लागतच नाही : यातलं काहीच नको. टीमक्स वापरून टर्मिनलमध्येच चालवा. विनाकारण डेस्कटॉप लावणं म्हणजे सर्व्हरवर ओझं आणि चोराला आणखी एक दार.

नेहमीच्या अडचणी

• 'डिस्प्ले उघडता येत नाही' अशा अर्थाचा संदेश : कॅपिटल एक्स विसरलात, किंवा लॅपटॉपवर एक्स चालू नाही, किंवा सर्व्हरवर एक्सऑथ नाही. याच क्रमाने तपासा.

• व्हीएनसीत नुसता राखाडी किंवा काळा पडदा : पडदा तयार झाला, पण त्यावर डेस्कटॉप सुरू झाला नाही. एक्सस्टार्टअप या फाइलमध्ये एक्सएफसीई सुरू करणारी ओळ आहे का आणि फाइलला चालवण्याची परवानगी आहे का, ते बघा.

• काम संपल्यावर : व्ह्यूअरची खिडकी बंद केली तर सर्व्हरवरचा पडदा चालूच राहतो. तीच तर सोय आहे! पण डेस्कटॉपच्या मेनूतून लॉगआउट केलंत तर आतले प्रोग्रामही बंद होतात. दोन्हींत गल्लत करू नका. खरंच काम संपलं असेल तर व्हीएनसीसर्व्हर, जागा, वजाचं चिन्ह आणि किल, जागा, कोलन १ अशी कमांड देऊन पडदा मिटवा. दुसऱ्यांसाठी मेमरी मोकळी होते.

आता त्या विद्यार्थिनीकडे

तिने एसएसएच आणि कॅपिटल एक्स वापरलं होतं. प्रोग्राम सर्व्हरवर होता, पण त्याचा पडदा तिच्या घरी. लाइट गेली, बोगदा तुटला, आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या दृष्टीने त्याचा पडदाच नाहीसा झाला. पडदा गेला की असे प्रोग्राम बहुधा स्वतःच बंद होतात. पाच तासांचं गणित गेलं ते सर्व्हर बिघडला म्हणून नव्हे, तर अंगण तिच्या दारात होतं म्हणून.

व्हीएनसी असतं तर पडदा कॉलेजातच राहिला असता. रात्री लाइट आल्यावर तिने पुन्हा बोगदा काढला असता आणि गणित संपून आलेख समोर दिसला असता. तरी एक गोष्ट सांगतोच : कॉलेजची लाइट गेली आणि सर्व्हरच बंद पडला, तर व्हीएनसीही वाचवू शकत नाही. म्हणून मधे मधे फाइल सेव्ह करत राहणं, ही सवय कोणत्याही पद्धतीत सोडायची नाही.

स्वाध्याय

१. एक्सच्या भाषेत तुमचा लॅपटॉप 'सर्व्हर' का ठरतो? दोन वाक्यांत सांगा.

२. एका फेरीला ३० मिलिसेकंद लागतात आणि खिडकी उघडायला १५० फेऱ्या लागतात. खिडकी किती सेकंदांत उघडेल? नेटचा स्पीड दुप्पट केला पण फेरीचा वेळ तोच राहिला, तर काय बदलेल?

३. सातव्या क्रमांकाच्या व्हीएनसी पडद्याचा पोर्ट कोणता? त्यासाठी बोगद्याची कमांड वहीत लिहा.

४. कृती : व्हीएनसीमध्ये एक्सक्लॉक चालू करा, व्ह्यूअर बंद करा, लॅपटॉपचं नेट तोडा. पाच मिनिटांनी पुन्हा आत या. घड्याळ चालू आहे का? आता हाच प्रयोग एसएसएच आणि कॅपिटल एक्स वापरून करा. फरक तीन प्रश्नांच्या भाषेत लिहा.

चौथा प्रयोग नक्की करा. घड्याळ गेलं तर काही बिघडत नाही. प्रकल्प जाण्याआधी हे कळलेलं बरं.